तारांचे जंजाळ छापून काढणारा पॉल आइस्लर

घरातला ग्लुकोमीटर, टीव्हीचा रिमोट किंवा बंद पडलेला मोबाइल चार्जर उघडून पाहिला, तर आत तारा जवळजवळ दिसतच नाहीत. दिसते ती एक हिरवट पाटी आणि तिच्यावर नकाशातल्या रस्त्यांसारख्या वळत गेलेल्या बारीक रेषा. या रेषा म्हणजे तांबे. वीज त्यांतूनच एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाते. या पाटीला आपण पीसीबी म्हणतो, म्हणजे छापील सर्किट बोर्ड. ‘छापील’ हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. ही कल्पना खरोखरच छापखान्यातून आली, आणि ती विजेच्या दुनियेत आणणारा माणूस काही काळ छपाईच्या व्यवसायात ढकलला गेलेला एक विद्युत अभियंता होता. त्याचे नाव पॉल आइस्लर.

आइस्लर यांनी काय बदलले हे कळायचे तर १९३० च्या दशकातला रेडिओ आठवावा लागेल. तो लाकडी पेटीतला, काचेच्या व्हॉल्व्हचा असे. आत धातूची एक बैठक, तिच्यावर व्हॉल्व्हचे सॉकेट, आणि बैठकीच्या खाली रंगीबेरंगी तारांचे जंजाळ. प्रत्येक तार मापाने कापायची, टोके सोलायची, ठरलेल्या जागी नेऊन गुंडाळायची आणि सोल्डरचा डाख द्यायचा, हे सगळे काम हाताने होई. एक जोड कच्चा राहिला तर रेडिओ मुका. एक तार चुकीच्या टोकाला गेली तर दोष शोधण्यात तास जाई. हादऱ्यांनी जोड सैल होत ते वेगळेच. रेडिओचे आतले भाग कारखान्यात यंत्रांवर भराभर तयार होत होते, पण ते एकमेकांना जोडण्याची वेळ आली की सगळे काम पुन्हा माणसाच्या बोटांवर येऊन थांबत होते.

आइस्लर यांचा जन्म १९०७ मध्ये व्हिएन्नातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. १९३० मध्ये त्यांनी तिथल्या तांत्रिक विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली. शिक्षण उत्तम होते, काळ मात्र वाईट होता. मंदीने उद्योग बसले होते आणि ज्यूंविषयीचा द्वेष उघडपणे वाढत होता. उद्योगात चांगली नोकरी आणि विद्यापीठात पुढचे संशोधन हे दोन्ही रस्ते त्यांच्यासाठी बंद झाले. मग बेलग्रेडमध्ये एक काम मिळाले. रेल्वेगाडीत प्रवाशांना संगीत ऐकवायचे होते, पण विजेच्या व्यत्ययामुळे खरखर येत होती. ती घालवायची होती. आइस्लर यांनी प्रश्न सोडवला. पण मोबदला चलनात देण्याऐवजी धान्याच्या रूपात देऊ केला गेला. धान्याच्या पोत्यांवर अभियंत्याचा संसार चालणे कठीण होते. ते व्हिएन्नाला परतले.

परतल्यावर पोटासाठी त्यांनी वर्तमानपत्रांत लिहायला सुरुवात केली आणि पुढे रेडिओविषयीचे एक नियतकालिक काढले. या आडवाटेनेच त्यांना छापखाना जवळून पाहायला मिळाला. जुन्या पिढीतल्या वाचकांना छपाईतले ‘ब्लॉक’ आठवत असतील. ऑफसेट येण्याआधी आपल्याकडेही वर्तमानपत्रात छायाचित्र छापायचे तर जस्ताचा ब्लॉक करावा लागे. धातूच्या पत्र्यावर चित्र उमटवायचे, जो भाग राखायचा त्यावर संरक्षक थर ठेवायचा आणि पत्रा आम्लात सोडायचा. आम्ल उघडा भाग खाऊन टाकी, झाकलेला भाग उठून राही. मग त्या उठावाला शाई लावून हजारो प्रती निघत.

छापखान्यातल्या कारागिरांसाठी ही रोजची गोष्ट होती. आइस्लर मात्र तिच्याकडे विद्युत अभियंत्याच्या नजरेने पाहत होते. शिल्लक राहिलेली धातूची रेघ त्यांच्या लेखी तारच होती. चित्र कितीही गुंतागुंतीचे असले तरी ते उमटवायला लागणारा वेळ सारखाच. मग तारांचा आराखडा हेच चित्र मानले, तर शंभर जोडण्या एकामागून एक करण्याऐवजी एकाच वेळी का उमटवू नयेत? छपाईत पहिली आणि हजारावी प्रत सारखी असते, तसेच हजार रेडिओंचे अंतरंगही तंतोतंत सारखे निघेल.

व्हिएन्नात ही कल्पना वाढवण्याजोगे वातावरण उरले नव्हते. १९३६ मध्ये आइस्लर यांनी देश सोडला आणि ते लंडनला आले. हातात नोकरी नव्हती, होत्या त्या काही कल्पना आणि पेटंटचे अर्ज. त्यांतली एक कल्पना त्रिमिती भासवणाऱ्या दूरचित्रवाणीची होती. तिचे हक्क त्यांनी मार्कोनी कंपनीला २५० पौंडांना विकले आणि त्या पैशांवर लंडनच्या हॅम्पस्टेड भागात एका भाड्याच्या खोलीत काही काळ राहण्याची सोय झाली. याच खोलीत त्यांनी छापील सर्किट असलेला रेडिओ तयार केला. पुढे जगभर ज्याचे कारखाने उभे राहिले, त्या तंत्राचा आरंभ असा घरगुती होता.

तंत्र मुळात सोपे आहे. वीज न वाहणाऱ्या पदार्थाची पाटी घ्यायची आणि तिच्यावर तांब्याचा पातळ वर्ख पक्का चिकटवायचा. मिठाईवरचा चांदीचा वर्ख फुंकरीने उडतो, हा तसा नसतो, पण विचार तोच: धातू कमीत कमी वापरून पृष्ठभाग झाकायचा. मग जिथे तांबे ठेवायचे तिथेच दाद न देणाऱ्या शाईने आराखडा छापायचा. पाटी फेरिक क्लोराइडसारख्या द्रावणात बुडवली की उघडे तांबे विरघळून जाते, शाईखालचे टिकते. शेवटी शाई पुसली की तांब्याचे रस्ते तयार. त्यांना भोके पाडून भागांचे पाय त्यांत खोवायचे आणि सोल्डर करायचे.

आइस्लर आपला रेडिओ घेऊन प्लेसी या विद्युत उपकरणांच्या बड्या ब्रिटिश कंपनीकडे गेले. तिथे कल्पनेत तांत्रिक खोट निघाली नाही. नकाराचे कारण वेगळेच होते. तारा जोडण्याचे काम कारखान्यातल्या मुली करत. त्यांची मजुरी कमी होती, आणि आराखडा बदलला तर त्यांना नवीन सूचना दिल्या की काम भागत होते. त्यांच्याऐवजी नवे तंत्र आणण्याची कंपनीला गरज वाटली नाही. हिशेबाच्या वहीत हे उत्तर त्या वेळी बरोबरही असेल. मात्र त्या वहीत कच्च्या जोडांचा, दोष शोधण्यात जाणाऱ्या वेळाचा आणि उद्याच्या यंत्रांत वाढत जाणाऱ्या जोडण्यांचा रकाना नव्हता. हात स्वस्त असतील तोवर यंत्राची निकड कुणाला भासत नाही. आइस्लर यांची कल्पना अडली ती इथे.

उपजीविकेसाठी त्यांनी ओडियन या चित्रपटगृहांच्या साखळीत तांत्रिक काम धरले. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया आपल्यात सामील करून घेतला आणि व्हिएन्नातल्या ज्यूंचे जगणे धोक्यात आले. आप्तांना तिथून बाहेर काढण्याची धडपड हेच आइस्लर यांचे मुख्य काम झाले. युद्ध सुरू झाल्यावर आणखी एक विचित्र वळण आले. ज्या राजवटीपासून पळून ते इंग्लंडला आले होते, तिचेच नागरिक ठरवून ब्रिटिशांनी त्यांना शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून स्थानबद्ध केले. सुटका झाल्यावर थोडा काळ ते लष्कराच्या पायोनियर कोअरमध्ये होते. १९४१ मध्ये ते पुन्हा आपल्या कल्पनेकडे वळले.

या वेळी त्यांनी दार ठोठावले ते छापखान्याचे. लंडनच्या कँबरवेल भागातली हेंडरसन अँड स्पॉल्डिंग ही लिथोग्राफीची छपाई करणारी कंपनी. रेडिओवाल्यांना जे पटले नव्हते ते छपाईवाल्यांच्या पचनी पडले, कारण त्यांच्या दृष्टीने हे त्यांचेच काम होते, फक्त कागदाच्या जागी तांबे. टेक्नोग्राफ या त्यांच्या उपकंपनीतून काम सुरू झाले. आइस्लर यांच्यापुढे करारपत्र आले आणि त्यांनी ते न वाचता सही केली. नोकरीच्या काळात लागलेल्या शोधांचे पेटंट हक्क नाममात्र एका पौंडाच्या मोबदल्यात कंपनीला देण्याचे कलम त्यात होते. बदल्यात कंपनीतला साडेसोळा टक्के हिस्सा त्यांना मिळाला. युद्धकाळात, परक्या देशात, नुकत्याच स्थानबद्धतेतून सुटलेल्या माणसाला काम मिळणे हेच मोठे वाटले असेल, तर नवल नाही. पण आपल्या शोधाचे पुढे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या सहीबरोबर हातातून गेला.

१९४२ मध्ये त्यांनी तयार केलेला छापील सर्किटचा एक रेडिओ लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि पुढे त्यातून तीन पेटंटे निघाली. तरीही ब्रिटिश उद्योगाला घाई नव्हती. निकड अमेरिकेत निर्माण झाली. तोफगोळा लक्ष्याच्या जवळ पोहोचताच आपोआप फुटावा म्हणून त्याच्या टोकात एक चिमुकले रेडिओयंत्र बसवले जात होते. त्याला प्रॉक्सिमिटी फ्यूज म्हणत. गोळा सुटताना बसणाऱ्या जबर धक्क्यात साध्या तारांचे जोड टिकणे अवघड, आणि असे फ्यूज लाखोंनी हवे होते. अमेरिकी अभियंत्यांनी अशा फ्यूजसाठी सिरॅमिकच्या पाटीवर चांदीयुक्त शाईने सर्किट छापण्याचे तंत्र वापरले. ही वाट आइस्लर यांच्या तांब्याच्या वर्खापेक्षा वेगळी होती. पण सर्किट छापता येते आणि ते तोफेच्या तोंडूनही शाबूत बाहेर पडते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

युद्ध संपल्यावर चित्र पालटले. १९४९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधल्या मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लाउस डँको यांनी भागांचे पाय छापील पाटीच्या भोकांत खोवून सगळे जोड एकाच वेळी वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवण्याची पद्धत आणली. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रायज मेटल्स या कंपनीने सोल्डरची लाट उठवून तिच्यावरून पाट्या सरकवण्याचे यंत्र बाजारात आणले. आता जोड एकेक करून देण्याची गरजच उरली नाही. तोवर ट्रान्झिस्टरही आला होता. व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी लहान असलेला हा भाग जाड तारांच्या गुंत्यात शोभला नसता. छापील पाटी त्याच्या मापाची होती. रेडिओ खिशात मावू लागला. कानाच्या यंत्राची कंबरेला बांधायची जड पेटी आकसत कानामागे गेली, त्यात ट्रान्झिस्टरइतकाच या पाटीचाही वाटा होता. रुग्णाच्या शरीराजवळ राहणाऱ्या उपकरणांसाठी लहान आकाराइतकाच भरवशाचा जोड महत्त्वाचा असतो, आणि छापील सर्किटने दोन्ही दिले.

आइस्लर यांच्या वाट्याला त्यातले किती आले? १९५७ मध्ये त्यांनी टेक्नोग्राफचा राजीनामा दिला. पेटंटे कंपनीकडेच राहिली. कंपनीने अमेरिकेत बेंडिक्स या उद्योगाविरुद्ध हक्कभंगाचा दावा लावला होता. १९६३ मध्ये तिथल्या न्यायालयाने टेक्नोग्राफची पेटंटे अवैध ठरवली. सपाट धातूच्या पट्ट्यांनी जोडण्या करण्याचा विचार आल्बर्ट हॅन्सन यांनी १९०३ मध्येच पेटंटच्या अर्जात मांडला होता. १९२५ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ड्यूकास यांनी विद्युतरोधक पृष्ठभागावर वाहक मार्ग उमटवण्याच्या पद्धतीसाठी अर्ज केला होता. तांबे आम्लाने कोरण्याची कला तर छापखान्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. सुटे सुटे पाहिले तर आइस्लर यांच्या शोधातला एकही धागा अगदी नवा नव्हता.

पण सुटे धागे आणि विणलेले कापड यांत फरक असतो. हॅन्सन आणि ड्यूकास यांच्या कल्पना मुख्यतः कागदावर राहिल्या. आइस्लर यांनी भाड्याच्या खोलीत चालता रेडिओ उभा केला, तो घेऊन दारोदार फिरले आणि वर्खाला चिकटलेली पाटी, छापलेला आराखडा, द्रावणाने कोरणे अशी पायऱ्यांची साखळी कारखान्याच्या कामाची केली. आज बहुसंख्य सर्किट बोर्ड ज्या मार्गाने तयार होतात तो मुळात हाच आहे. म्हणून पेटंट हरले तरी छापील सर्किटचा जनक म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासात नाव येते ते त्यांचेच.

पुढच्या आयुष्यातही त्यांनी पातळ धातूचा वर्ख सोडला नाही. विजेने तापणारा वर्ख भिंतीला आणि जमिनीला लावून खोली उबदार ठेवता येईल, अन्न गरम करता येईल, अशा अनेक कल्पनांवर त्यांनी काम केले. त्यांतल्या फारच थोड्या बाजारात टिकल्या. १९८९ मध्ये छापील सर्किटबरोबरच्या आपल्या आयुष्याविषयीचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९९२ मध्ये ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना नफील्ड रौप्यपदक दिले. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८५ वर्षांचे होते.

त्यांची पद्धत अवाढव्य कारखान्यांत गेली, तशीच ती पुन्हा घरातही परतली आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेले अनेक जण आज जुना इंकजेट प्रिंटर उघडून त्याच्याकडून थेट तांब्याच्या पाटीवर आराखडा छापून घेतात. अडचणी मजेशीर असतात. घरगुती प्रिंटर कागद वाकवून आत ओढतो, पण १.६ मिलिमीटर जाडीची कडक पाटी वाकत नाही. म्हणून तिचा मार्ग सरळ करावा लागतो, शाई टाकणारा भाग थोडा उचलून घ्यावा लागतो आणि कागद आला आहे असे प्रिंटरच्या सेन्सरला भासवावे लागते. त्यासाठी एप्सनसारख्या कंपन्यांचे पिझो पद्धतीचे प्रिंटर सोयीचे पडतात. त्यांत स्फटिकाच्या धक्क्याने शाईचा थेंब उडतो, शाई उकळावी लागत नाही, त्यामुळे वेगळ्या प्रकारची शाईही चालू शकते. कागद शाई शोषतो, तांबे शोषत नाही. साधी शाई त्यावर ओघळते आणि द्रावणात धुऊन जाते. म्हणून रंगद्रव्याचे कण आणि राळ असलेली शाई वापरून, छापल्यावर पाटी तापवून ती पक्की करतात. पाटीवर बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी रेघ तुटते.

यानंतरची पायरी आइस्लर यांच्या खोलीतलीच आहे, आणि तिथे काळजीही तितकीच हवी. फेरिक क्लोराइड त्वचेला आणि डोळ्यांना इजा करते, कपड्यांवर न जाणारे डाग पाडते आणि स्टीलचे सिंकही खाते. हातमोजे, चष्मा, हवेशीर जागा आणि प्लॅस्टिकचे भांडे याला पर्याय नाही. शाई पक्की करायला स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नये. वापरलेल्या द्रावणात विरघळलेले तांबे असते. मासे आणि इतर जलचरांना ते घातक असल्याने ते मोरीत ओतायचे नसते, घातक कचरा म्हणूनच त्याची विल्हेवाट लावायची असते.

२०१३ मध्ये टोकियो विद्यापीठ, जॉर्जिया टेक आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च इथल्या संशोधकांनी कोरण्याची पायरीच वगळून दाखवली. त्यांनी घरगुती इंकजेट प्रिंटरमध्ये चांदीच्या नॅनोकणांची शाई भरली आणि विशिष्ट कागदावर वीज वाहणाऱ्या रेषा सरळ छापल्या. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या, रक्तातली साखर मोजण्याच्या अनेक पट्ट्यांवरचे इलेक्ट्रोडही वाहक शाईने छापलेलेच असतात. रोज सकाळी बोटातून रक्ताचा थेंब काढून त्या पट्टीला लावणारा मधुमेही ती पट्टी ज्या यंत्रात सरकवतो, त्याच्या पोटात तांब्याच्या रेषांची हिरवट पाटी असते. हॅम्पस्टेडच्या भाड्याच्या खोलीत आइस्लर यांनी पहिल्यांदा वीज वाहती केली होती ती अशाच रेषांमधून.